चिंगीचं सतरावं अंडं

मकरसंक्रांत होऊन चार दिवस झाले होते. नाशिकला त्या आठवड्यात पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरत होता. सकाळी सव्वासातला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "ताई, जरा खाली येता का? चिंगी दांडीवर बसतच नाहीये. कोपऱ्यात फुगून बसलीय."

चिंगी म्हणजे झेब्रा फिंचची मादी. करडं अंग, नारिंगी चोच, वजन जेमतेम १४ ग्रॅम. सोसायटीत सगळे तिला मुनिया म्हणतात. नातं जवळचं आहे, दोघीही एकाच कुळातल्या. पण मुनिया आपल्याकडची रानातली पाखरं, त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे आणि त्यांना पिंजऱ्यात ठेवता येत नाही. झेब्रा फिंच मूळची ऑस्ट्रेलियातली. आज पाळली जाणारी पाखरं पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेली असतात. ती ऑस्ट्रेलियातली आहे ही गोष्ट या प्रकरणात पुढे फार महत्त्वाची ठरली.

मी चौदा वर्षं फिंच पाळतेय. मादी, अंडी घालायचे दिवस, पहाटेची थंडी आणि "फुगून खाली बसलीय", एवढं कानावर आल्यावर मी चहा तसाच ठेवून जिना उतरले.

चिंगी तळाच्या वर्तमानपत्रावर पाण्याच्या वाटीला टेकून बसली होती. पिसं फुललेली, डोळे अर्धे मिटलेले, पाय फाकलेले. मिनिट-दीड मिनिटानं शेपूट खाली दाबली जायची आणि सगळं अंग कळ आल्यासारखं आक्रसायचं. एकदा तिनं उठायचा प्रयत्न केला तेव्हा एक पाय मागेच घसटत राहिला. वरच्या दांडीवरून नर तिला एकसारखा हाका मारत होता. जत्रेतल्या पिपाणीसारखा त्याचा आवाज. एरवी तो ऐकायला गोड वाटतो, त्या सकाळी ऐकवत नव्हता.

फुगून तळाला बसलेल्या पाखराला काहीही झालेलं असू शकतं. पिसं फुलवणं म्हणजे फक्त "मला थंडी वाजतेय, मला बरं नाही" एवढंच. म्हणून मी आधी काकूंच्या नातीला विचारलं. ती सहावीत आहे आणि या जोडीची खरी मालकीण तीच. ती वही घेऊनच आली. वहीत पेन्सिलीनं प्रत्येक अंड्याची तारीख होती. परवा सकाळी एक, काल सकाळी एक, आज नाही. फिंचची मादी रोज एक अशी सकाळी-सकाळी अंडी घालते, चार ते सहा झाली की थांबते. दोनवर थांबणं नेहमीचं नव्हे. काल संध्याकाळपासून ती गप्प होती, असं काकू म्हणाल्या. मी तिला एकदाच, फक्त एकदाच, तळहातात घेतलं आणि बोटाच्या टोकानं पोटाचा खालचा भाग चाचपला. आत टणक, गोल काहीतरी लागलं. छातीचं हाडही धारेसारखं हाताला लागत होतं. वजनकाट्यावर ती अंड्यासकट १३.२ ग्रॅम भरली.

अंडं अडकलं होतं. झेब्रा फिंचचं अंडं टपोऱ्या शेंगदाण्याएवढं, सुमारे एक ग्रॅमचं. १४ ग्रॅमच्या जिवाला ते केवढं असेल, याचा विचार करावा. ते ओटीपोटात अडून बसलं की पायाकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात, म्हणून पाय लुळा पडतो. पक्ष्यांना शी, लघवी आणि अंडं या सगळ्यांना बाहेर पडायला एकच वाट असते, म्हणजे ती वाटही तुंबते. मादी कळा देऊन-देऊन दमते. एवढ्याशा पाखराकडे साठा नसतोच. काही तासांत ती हातची जाते.

मी पोचायच्या आधी काकूंनी दोन गोष्टी केल्या होत्या आणि दोन करायच्या बेतात होत्या. खोबरेल तेलात बोट बुडवून त्यांनी शेपटीखाली लावलं होतं, जरा जास्तच. बाळंतिणीला तेल लावणाऱ्या हातांना तेच सुचणार. पण तेलानं पोटाखालची पिसं चिकटून वातड झाली होती, आणि चिकटलेली पिसं ऊब धरत नाहीत. थंडीनं अडलेल्या पाखराचं पांघरूणच ओलं व्हावं, तसं झालं. दुसरं म्हणजे पिंजरा त्यांनी उन्हं येतील म्हणून बाल्कनीतच ठेवला होता आणि उन्हं यायला अजून तासभर होता. शिवाय पाखरं जिथून आणली तिथल्या माणसानं फोनवर सांगितलं होतं की चुन्याचं पाणी पाजा आणि पोट हलक्या हातानं खाली दाबा.

"काकू, दोन्ही नको," मी म्हटलं. बोलताना आवाज चढला, त्याबद्दल नंतर त्यांची माफी मागितली. पण या दोन सल्ल्यांनी किती पाखरं मेली असतील याची गणती नाही. खायच्या चुन्यात कॅल्शियम असतं हे खरं, पण तो दाहक असतो, एवढ्याशा घशाला आणि पोटाला पोळतो. आणि दाबण्याबद्दल तर हात जोडून सांगते. आतल्या आत कवच फुटलं तर त्याच्या कडा पात्यासारख्या असतात. अंडनळी चिरते, बलक पोटात सांडतो, तिथे जंतू वाढतात. फुटलेल्या अंड्यानं मेलेली एक मादी मी माझ्या पहिल्या वर्षी स्वतःच्या हातानं पुरली आहे. दाबणारे हातही माझेच होते.

आधी ऊब. बाकी सगळं नंतर. मी वरून माझं खोकं आणलं. साधं प्लॅस्टिकचं झाकणाचं खोकं आहे, बाजूला भोकं पाडलेली. अर्ध्या तळाखाली शेकायचं हीटिंग पॅड, त्यावर दुपदरी पंचा. पॅड मुद्दाम अर्ध्याच भागाखाली ठेवते. पाखराला गरम व्हायला लागलं तर त्याला बाजूला सरकता आलं पाहिजे. कोपऱ्यात ओला, गरम पाण्यातून पिळलेला फडक्याचा बोळा, म्हणजे हवा दमट राहते. आत थर्मामीटर. पारा ३१ वर स्थिर झाल्यावर चिंगीला आत ठेवलं आणि वर काळं ओढणीचं फडकं टाकलं. त्याआधी तेलकट पिसं कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं जमेल तेवढी टिपून घेतली. माझ्याकडे डी-३, म्हणजे ड जीवनसत्त्व, असलेलं पक्ष्यांचं द्रवरूप कॅल्शियम असतं, त्याचा एक थेंब काडीनं चोचीच्या कडेला लावला. ती चाटून घेते का ते पाहिलं, तिनं घेतला. चोच उघडून औषध ओतायचं नाही. अशक्त पाखराच्या श्वासनळीत ते सहज जातं.

नात खोक्याजवळून हलायला तयार नव्हती. "मावशी, ती मरणार का?" तिनं विचारलं. मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, अजून माहीत नाही, पण आत्ता तिला शांतता हवीय, तू दाराबाहेर बसून कोणाला आत येऊ देऊ नकोस. ती खरोखर दाराबाहेर बसली, स्वेटर आणि कानटोपी घालून.

शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ आहेत. १३ ग्रॅमचा जीव हातात घेणारे डॉक्टर थोडे. ज्याच्या घरी पाखरं आहेत त्यानं अशा डॉक्टरांचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवावा. पाखरू आजारी पडल्यावर शोधायला वेळ नसतो. माझ्याकडे होता. रविवार असूनही डॉक्टरांनी फोन उचलला. "ऊब देत राहा. साडेनऊपर्यंत पडलं तर उत्तम, नाहीतर घेऊन या. मी उघडतो."

नऊ वाजेपर्यंत अंडं आलं नव्हतं. एकच बदल होता, तिचे डोळे पूर्ण उघडे होते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याला टेकवली, रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगितलं आणि आम्ही तिघी निघालो.

डॉक्टरांनी तिला बोटांमध्ये मान धरून उताणं केलं, जेमतेम अर्धा मिनिट. कवच हाताला लागत होतं, एक्स-रेसाठी तिला ताणायची गरज त्यांना वाटली नाही. पातळ केलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट आणि कोमट सलाइन टोचलं. सलाइन कातडीखाली गेलं तेव्हा मांडीजवळ बुडबुड्यासारखा फुगा आला आणि हळूहळू जिरला. मग तिला त्यांच्या उबदार पेटीत ठेवलं. "आता तासभर तिला तिचं काम करू द्या," ते म्हणाले.

गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं इंजेक्शन का देत नाही, असं मी विचारलं. गाई-म्हशींना देतात ते ऐकून माहीत होतं. त्यांनी दिलेलं उत्तर मला फार पटलं. पुढचं तोंड सैल झालेलं नसताना मागून जोर लावला तर नळी फाटू शकते. आधी स्नायूंना कॅल्शियम मिळू दे, अंगात ऊब येऊ दे, तोंड सैल होऊ दे.

साडेअकराला त्यांनी पुन्हा पाहिलं. आता शेपटीखाली गुलाबी पातळ पडदा ताणलेला दिसत होता आणि त्याच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं. अंड्याचं टोक. पण अंडनळीचं अस्तर त्याच्यावर मोज्यासारखं घट्ट चढलं होतं. कळ आली की सगळंच बाहेर ढकललं जायचं, अंडं अस्तरातून सुटायचं नाही. असंच चालू राहिलं असतं तर अस्तर बाहेर पडलं असतं. डॉक्टरांनी सलाइनमध्ये भिजवलेली कापसाची काडी घेतली आणि ते अस्तर कडेकडेनं, केसाएवढं-केसाएवढं मागे सारायला लागले. दहा मिनिटं त्या खोलीत कोणी बोललं नाही. अंडं पुढे सरकेना, तेव्हा त्यांनी दिसणाऱ्या पांढऱ्या टोकात बारीक सुई घालून आतला बलक-पांढरा ओढून घेतला. रिकामं झालेलं कवच बाहेरून हलक्या दाबानं आत बसलं आणि पुढच्याच कळेला सुरकुतलेलं अंडं, आतल्या पापुद्र्याला धरून, अखंड बाहेर आलं. बारा वाजायला पाच मिनिटं होती. मागे तुकडा राहिला नाही ना, हे त्यांनी पाहून घेतलं, वेदना कमी करणारं औषध दिलं. वजन १२.१.

दाबू नका म्हणणारी मीच इथे डॉक्टरांनी कवच दाबलं असं लिहितेय, म्हणून फरक सांगते. टोक डोळ्यांना दिसत होतं, आतलं आधी काढून घेतलेलं होतं, अस्तर बाजूला होतं आणि हात रोज हे काम करणारे होते. यातलं एकही घरी नसतं.

ते कवच डॉक्टरांनी नातीच्या हातावर ठेवलं. एका टोकाला खडूचे कण चिकटल्यासारखं खरखरीत, दुसऱ्या टोकाला कवचच नाही, नुसता पापुद्रा. "हे आजचं दुखणं नाही," ते म्हणाले. "घरी जाऊन पिंजरा बघा."

संध्याकाळी आम्ही पिंजरा पाहिला, आणि वही.

वही आधी सांगते. जोडी गणपतीत घरी आली. पहिलं अंडं ५ ऑक्टोबरला. त्या खेपेची पाच अंडी, चार पिल्लं. नोव्हेंबरच्या मध्यावर, पहिली पिल्लं घरट्याबाहेर पडतात न पडतात तोच पुन्हा पाच अंडी, तीन पिल्लं. डिसेंबरअखेर चार अंडी. ती काही दिवसांनी "घरटं साफ करायचं म्हणून" टाकून दिली गेली. त्यानंतर आठवड्याभरात चौथी खेप सुरू, दोन अंडी, आणि आजचं अडकलेलं सतरावं. सोळा अंडी म्हणजे सुमारे सोळा ग्रॅम. साडेतीन महिन्यांत त्या पाखरानं स्वतःच्या वजनापेक्षा जास्त अंडी घातली होती. वर सात पिल्लांना भरवलं होतं.

इथे ऑस्ट्रेलिया येते. तिच्या मूळ मुलखात, कोरड्या मधल्या पठारांवर, पाऊस कधी पडेल याचा नेम नसतो. पाऊस पडला, गवताला बी धरलं की झेब्रा फिंच लगेच अंडी घालतात, आणि दुष्काळ आला की थांबतात. थांबवण्याचं काम तिथे दुष्काळ करतो. आपल्या पिंजऱ्यात दुष्काळ येतच नाही. वाटी भरलेली, पाणी ताजं, घरटं टांगलेलं, काथ्या हाताशी, हॉलमधला दिवा रात्री अकरापर्यंत बाल्कनीत पडतोय. तिच्या शरीराला वाटतं सुगी चालू आहे. आणि अंडी काढून घेतली की तिला वाटतं डाव फसला, पुन्हा मांडायला हवा.

मग पिंजरा. जाळीला समुद्रफेस, म्हणजे सागरी जीवाचं कॅल्शियमनं भरलेलं पांढरं हाड, अडकवलेला होता. गणपतीपासून तिथेच. काकूंनी मुद्दाम आयुर्वेदिक दुकानातून आणला होता, कारण कॅल्शियम लागतं हे त्यांना ठाऊक होतं. मी तो काढून हातात घेतला. टणक, गुळगुळीत पाठ पाखरांकडे आणि भुसभुशीत पांढरी बाजू भिंतीकडे. टणक बाजूवर चोचीचे दोन-चार ओरखडे होते, बस. मऊ बाजू कोरी. चिंगीनं प्रयत्न केला होता, तिला ते फोडता आलं नव्हतं. ते दोन-चार ओरखडे मला अजून दिसतात.

दिवाळीला मी याच घरी फराळाला गेले होते. याच पिंजऱ्यासमोर उभं राहून पिल्लांचं कौतुक केलं होतं, "काय नशीब काढलंत काकू, किती छान बस्तान बसलंय," असं म्हणाले होते. समुद्रफेस उलटा आहे हे माझ्या चौदा वर्षांच्या डोळ्यांना दिसलं नाही.

खाणं नुसतं कांगणीचं, म्हणजे राळ्याचं, आणि थोडी बाजरी. धान्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, डी-३ तर नसतंच. आणि बाल्कनी काचेनं बंद. नाशिकसारख्या उन्हाच्या गावात पाखराला ऊन मिळत नव्हतं, असं म्हटल्यावर काकूंना पटेना. "अहो, दिवसभर ऊन असतं की तिथे." उजेड असतो, उष्णता असते. पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण खिडकीची काच जवळजवळ सगळे अडवते. आणि ते जीवनसत्त्व नसेल तर पोटातलं कॅल्शियम रक्तात जात नाही. मग मादी कवचासाठी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. ते सरत आलं की दोन्हीकडून मार बसतो, कारण कवच बनवायला लागतं तेच कॅल्शियम अंडं ढकलणाऱ्या स्नायूंनाही लागतं. कवच खडबडीत आणि कळा दुबळ्या. त्यात पहाटेची थंडी. थंडीनं फक्त शेवटचा धक्का दिला.

पहिले चार दिवस चिंगी माझ्याकडे खोक्यात, मग छोट्या पिंजऱ्यात. नराचा पिंजरा शेजारीच, मधे जाळी. झेब्रा फिंचची जोडी एकमेकांना घट्ट धरून असते, आवाज ऐकू आला नाही तर मादी खाणं सोडते की काय अशी मला भीती होती. तिसऱ्या दिवशी पाय सरळ पडायला लागला. पाचव्या दिवशी ती दांडीवर चढली.

मग घर बदललं नाही, घरातल्या सवयी बदलल्या. घरटं आणि काथ्या काढून माझ्या कपाटात. संध्याकाळी सातला पिंजऱ्यावर चादर, म्हणजे रात्रीचा दिव्याचा उजेड बंद. समुद्रफेस सुलटा, तिच्या नेहमीच्या दांडीशी चोचीच्या उंचीवर. कोंबडीच्या अंड्यांची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, खलबत्त्यात रव्याएवढी कुटून वेगळ्या वाटीत. दाण्यात मिसळायची नाहीत, गरज असेल तेवढंच तिनं घ्यावं. शेवग्याचा कोवळा पाला, मेथी, कोथिंबीर. पालक नाही, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. आणि रोज सकाळी साडेआठला काच सरकवून वीस मिनिटं थेट ऊन, पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर सावलीचं फडकं टाकून. कावळे येतात म्हणून काकू तेवढा वेळ शेजारी जपमाळ घेऊन बसतात.

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात, घरटं नसताना, चिंगीनं दाण्याच्या वाटीत अंडं घातलं. नात सकाळी सातला धावत वर आली. आम्ही दोघी खाली गेलो तेव्हा चिंगी दांडीवर पिसं नीट करत होती. मी अंडं उजेडाकडे धरून पाहिलं. गुळगुळीत, दोन्ही टोकांना सारखं. पुढचे तीन दिवस मी रोज सातला खाली जात होते, आणि रोज एक अंडं आधीच पडलेलं असायचं.

यावेळी टाकून दिली नाहीत. त्या-त्या सकाळी अंडं उकळून, गार करून तिथेच परत ठेवलं. दाण्याची वाटी दुसरीकडे हलवली, ती वाटी तिला दिली. ती आणि नर आळीपाळीनं अठरा दिवस बसले. मग आपणच उठले. पुन्हा अंडी घातली नाहीत. वजन १४.३.

नातीच्या वहीत अठरा ते एकवीस या आकड्यांपुढे तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढे तिनं "आपोआप" असं लिहिलंय. सतराच्या ओळीत ते सुरकुतलेलं कवच तिनं सेलोटेपनं चिकटवून ठेवलंय. घरटं अजून माझ्या कपाटात आहे. ते कधी परत देणार, असं ती दर रविवारी विचारते. मी दिवाळीनंतर म्हटलंय.